हात मांगं, डोये समोर

शिकवायला उभे राहिले की मिस्त्री आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरायचं, पाय जरा फाकवायचे आणि समोरच्या बाईला म्हणायचं, "हां. हात मांगं, डोये समोर. आता सांगा, काय दिसून राह्यलं?"

पुढून बघणाऱ्याला ती ऐट वाटायची. एखाद्या शाळेतले हेडमास्तर व्हरांड्यात उभे राहतात ना, तशी. मी मात्र मागून बघायचे. अकोल्यातल्या ज्या दालमिलमध्ये मी हिशेबाचं काम करते, तिथं माझी केबिन शेडच्या टोकाला आहे आणि तिला शेडच्या बाजूनं मोठी काच आहे. डाळ निवडायचं मशीन त्या काचेसमोर. बाया त्यांच्या पुढे, मी त्यांच्या मागे. त्यामुळे बायांना त्यांचा चेहरा दिसायचा आणि मला त्यांचे हात. चेहरा शांत असायचा, असं बाया सांगायच्या. हात शांत नसायचे. उजवा हात थरथरायचा, आणि पळू पाहणारी कोंबडी धरावी तसा डावा हात त्याला घट्ट धरून ठेवायचा.

ते आमच्या मिलचे मिस्त्री. मूळचे अमरावतीजवळच्या वलगावचे. घर, बायको, म्हैस सगळं तिकडे, आणि इथं जठारपेठेत एक खोली. शनिवारी संध्याकाळी अमरावतीची गाडी पकडायची, सोमवारी सकाळी हजर. शेठ त्यांना 'मिस्त्रीजी' म्हणायचे, बाया 'मिस्त्रीभाऊ'. मला ते ताई म्हणायचे, वयानं माझ्याहून कितीतरी मोठे असून.

काळजीखोर माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण यांची काळजी म्हणजे पूर्णवेळ नोकरी होती. मोटरच्या खोलीला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, फाटकापर्यंत जायचं आणि परत येऊन ओढून बघायचं. मी एकदा चिडवलं, "मिस्त्री, ते कुलूप दमलं हो आता." ते हसले, आणि जाता जाता पुन्हा एकदा ओढून गेले.

सुट्टी झाली की फाटकाशी उभं राहून बायांना विचारायचे, "हात?" मग प्रत्येक बाई दोन्ही पंजे वर करून, बोटं नाचवत बाहेर पडायची. बायांना ती गंमत वाटायची. कोणी म्हणायची, "घ्या, मोजून घ्या भाऊ, एकही नाई नेलं घरी." त्यांना मात्र गंमत वाटत नसे. तरुणपणी कापसाच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी एका माणसाचा हात पट्ट्यात जाताना पाहिला होता. त्याबद्दल ते एवढंच सांगायचे. पुढचं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर शेठनी नवं मशीन आणलं. डाळ वरून घसरत येते, आतले कॅमेरे एकेक दाणा बघतात आणि काळा, डागी दाणा दिसला की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतात. बायांनी त्याचं नाव ठेवलं डोयेवालं मशीन. इतकी वर्षं हेच काम आमच्या बाया हातानं करत होत्या. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसायचं आणि चालत्या डाळीतून काळं वेचायचं. मशीन आल्यावर त्यांचं काय, हा प्रश्न शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडावर होता आणि विचारत कोणीच नव्हतं.

शेठ मनानं वाईट नव्हते, पण धंद्याचा माणूस. म्हणाले, "मशीन चलाने के लिए बाहेरून शिकलेला पोरगा आणतो. बाया ठेवून काय करू, मिस्त्रीजी?"

मिस्त्री म्हणाले, "पोरगा कावून आणता शेठ? आपल्या बायाच चालवतीन."

"त्यांना येईल?"

"मी शिकवतो ना. मी आहो ना इथं."

शेठनी थोडा विचार केला आणि मुदत दिली. नव्या तुरीचा माल बाजारात येईपर्यंत बायांनी मशीन चालवून दाखवायचं. जमलं तर बाया राहतील, नाही जमलं तर पोरगा येईल. हे बोलणं माझ्या केबिनमध्येच झालं. शेठ समोर बसले होते, मिस्त्री उभे होते आणि त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. खिसा हलत होता. तो फक्त मला दिसला.

तोवर मी स्वतःची समजूत काढत होते, की वय झालं, थंडी आहे, चहा जास्त होत असेल. पण चहा ते आता पीतच नव्हते. शेठनी पेढा पुढे केला की म्हणायचे, उपवास आहे. चहा आला की, उपवास आहे. कधी सोमवार, कधी गुरुवार, एकदा तर चक्क बुधवारी. बुधवारचा कुठला उपवास, हे शेठनी विचारलं नाही. उलट माझ्यापाशी म्हणाले, "मिस्त्रीजी बडे धार्मिक हो गए." मिस्त्री आयुष्यात कधी देवळात गेलेले मला माहीत नव्हते.

मग एका रविवारी उलगडा झाला. माझं माहेर अमरावतीला, राजापेठेत. आईची औषधं आणायला गेले, तर मेडिकलच्या काउंटरवर मिस्त्री. रस्त्यावर क्लास सुटलेल्या पोरापोरींच्या गाड्यांचा गोंगाट, आणि हे आपले कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. मला बघताच त्यांनी हात खिशात घातला.

"बायकोचं औषध आहे," ते म्हणाले.

मी नुसती त्या खिशाकडे बघत राहिले. माझं हे असं बघत राहणं फार वाईट असतं, असं माझे घरचे म्हणतात. दुकानाबाहेर आल्यावर त्यांनीच तोंड उघडलं.

"ताई, तुमी मांगं बसता. तुमाले दिसतच असन."

"दिसतं. डॉक्टर काय म्हणाले?"

"थे वाढत जाईन म्हनते. गोयीनं जरासा दबते, बाकी काई नाई." मग एकदम आर्जवानं म्हणाले, "शेठले सांगू नका. तुरीचा माल येऊ द्या. बाया तयार झाल्या का मी सोताच सांगतो. आत्ता समजलं तर मले घरी पाठवतीन, अन् मंग त्यायले शिकवनार कोन?"

मला त्यांचा राग आला. अशा हातानं पट्ट्याजवळ, पुलीजवळ वावरायचं म्हणजे काय? मी म्हटलं, "एक कबूल करा. चालत्या मशीनला तुम्ही हात लावायचा नाही. एकदाही नाही. दिसला की मी त्याच दिवशी शेठकडे जाईन."

"लावतच नाई ताई. म्हनून तं मांगं बांधतो."

तेव्हा मला कळलं, की ज्याला आम्ही सगळे शिकवायची पद्धत समजत होतो ते माणसानं स्वतःला घातलेलं दावं होतं. पण गंमत अशी, की पद्धत म्हणूनही ती लागू पडत होती. तुम्हाला माहीतच आहे, शिकवणाऱ्याला धीर नसतो. समोरचा जरा चाचपडला की 'सरक, मी करतो' म्हणून तो स्वतः बटण दाबतो आणि शिकणारा तिथल्या तिथं राहतो. यांना ते करताच येत नव्हतं. बाई चुकली, थांबली, रडकुंडीला आली, तरी ते फक्त तोंडानं सांगायचे. त्यामुळे शेवटी बाईच्याच बोटानं बटण दाबलं जायचं.

सगळ्यात अवघड प्रकरण होतं तुळसाबाई. वेचणाऱ्यांत तिचा पहिला नंबर. इतकी वर्षं वेचून तिचे डोळे आणि बोटं एकाच दोरीला बांधल्यासारखी झाली होती. काळं दिसलं की हात गेलाच. एका लग्नात तिनं शेजारच्या अनोळखी बाईच्या ताटातल्या वरणातून मोहरी उचलली आणि वर तिलाच म्हणाली, "पाह्यत नाई का वो माय!" मशीनवरही तेच. निवडून आलेली डाळ खालच्या छोट्या पट्ट्यावर पडून पोत्याकडे जायची. त्यात एखादा काळा दाणा चुकून आला, की तुळसाबाईचा हात थेट पट्ट्यावर. पट्ट्याच्या टोकाला रूळ फिरत असतो. तो हात जाताना दिसला की काचेमागे मी खुर्चीतून अर्धी उठायचे.

"तुळसाबाई! हात!"

"अवो भाऊ, काया दाना होता ना."

"दाना उचलू नका. मशीनले सांगा."

हेच त्यांचं दुसरं वाक्य. काळे दाणे येताहेत म्हणजे मशीनला नीट दिसत नाहीये. का दिसत नाही ते शोधा. मशीनच्या पडद्यावरचा, नजर किती कडक ते ठरवणारा आकडा वाढवा, काच पुसा, वरून येणारी डाळ कमी करा. एक दाणा वेचून काय होणार, मागून हजार येतील. तुळसाबाईला हे पटायचं. हाताला पटायचं नाही.

मग त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नवा खेळ काढला. एका मोठ्या ताटात डाळ पसरायची, त्यात काळे दाणे टाकायचे, आणि बायांनी हात पाठीमागे बांधून ताटाभोवती उभं राहायचं. वेचायचं नाही. फक्त बघायचं आणि बोलायचं, डाळ कशी आहे, काय झालं असेल, मशीनला काय सांगाल. पहिले काही दिवस बाया नुसत्या खिदळायच्या. तुळसाबाईची बोटं पाठीमागे वळवळायची. एकदा शेठ समोरच्या दारानं आत आले आणि जागीच थांबले. "अरे, सबको सजा मिली क्या?" मिस्त्री हलले नाहीत. त्यांचाही हात त्या वेळी मागेच होता, आणि पाठ वळली असती तर दिसला असता.

महिना सरत आला तसा हात वाढत गेला, म्हणजे त्याचं थरथरणं. डबा ते माझ्या केबिनच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून खायचे. भाजीचा रस्सा सांडायचा म्हणून खानावळवाल्याला त्यांनी सुक्या भाज्या द्यायला सांगितलं होतं. मी हिशेब करायचे आणि डोळा काचेकडे. एक बेरीज तीनदा करायचे. बाजारात नवी तूर थोडी थोडी दिसू लागली होती. मला वाटायचं, आधी काय होईल? बाया शिकतील, की शेठना हात दिसेल? की त्याच्याही आधी तुळसाबाईचा हात रुळात जाईल? रात्री नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" त्याला काय सांगणार? मागे बसलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि करता काही येत नाही.

अखेर शेठ एके सकाळी म्हणाले, आजच बघू. वर एक अट घातली. मिस्त्रीजी शेडमध्ये नकोत, नाहीतर उभे राहून इशारे करतील. मिस्त्री माझ्या केबिनमध्ये आले, काचेसमोर उभे राहिले आणि हात मागे घेतले.

शेडमध्ये शेठ आणि चार बाया. मशीनवर तुळसाबाई. तिनं पदर खोचला, सुरू करायचं बटण दाबलं, वरून डाळ घसरू लागली. खालच्या पट्ट्यावर पिवळीजर्द डाळ. शेठनी मूठभर घेऊन पाहिली, मान हलवली. मी खुर्चीत मागे टेकणार तेवढ्यात मिस्त्री पुटपुटले, "भुकटी उडून राह्यली. काच भरन."

आणि तसंच झालं. नव्या मालाला भुकटी जास्त. थोड्याच वेळात पट्ट्यावर एक काळा दाणा आला. मग दुसरा. मग चार-पाच एकदम. शेठच्या कपाळाला आठी पडली. मी उठून मिस्त्रींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शिकवतानाचा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. तो मुळीच शांत नव्हता. ओठ हलत होते, "सांग, मशीनले सांग, माय, सांग."

तुळसाबाईचा उजवा हात उठला. पट्ट्याकडे निघाला. रूळ तिथून वीतभर.

मिस्त्री दाराकडे झेपावले. मी कडीवर हात ठेवला, त्यांना अडवायला की दार उघडायला, हे मला आजही सांगता येणार नाही.

हात पट्ट्यावर जाऊन थांबला. हवेतच. क्षणभर तिथंच राहिला, आणि मग आपणहून मागे वळला आणि तिच्या पाठीमागे गेला. तुळसाबाईनं डाव्या हातानं बटण दाबून मशीन थांबवलं. झाकण उघडलं, ब्रशनं काच साफ केली, झाकण लावलं, पडद्यावरचा आकडा एकानं वाढवला आणि मशीन सुरू केलं. डाळ पुन्हा पिवळीजर्द. तिनं शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पट्ट्याकडेच बघत होती, दोन्ही हात मागे.

मिस्त्री माझ्या खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीवर ते कधीच बसले नव्हते.

शेठ हसत केबिनमध्ये आले. मागोमाग चहा. "मिस्त्रीजी, जिंकलात! बाया पक्क्या. आज तो चाय लेनीही पडेगी."

त्यांनी स्वतः कप उचलून पुढे केला. मिस्त्रींचा हात टेबलाखाली होता आणि टेबल बारीक वाजत होतं. मी म्हटलं, "त्यांचा उपवास आहे."

"उपवास में चाय चलती है, मॅडम."

"निर्जळी आहे," मी म्हणाले.

शेठनी कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावून मिस्त्रींना नमस्कार केला. ते गेल्यावर आम्ही दोघं इतके हसलो, की मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी हात वर नेला, पण तो डोळ्यापर्यंत धड जाईना. मग मी माझा रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं.

त्यांनी शब्द पाळला. आठवडा संपायच्या आत शेठ बसले असताना आले, आणि उजवा हात टेबलावर, उघडा, आमच्या दोघांसमोर ठेवला. तो टेबलावर फडफडत राहिला.

"हे पाहा शेठ. लय दिवसापासून आहे. आता बाया मशीन चालवून राह्यल्या, म्हनून सांगून राह्यलो."

शेठनी त्या हातावर स्वतःचा हात ठेवला. मग म्हणाले, "तर काय झालं? बसून शिकवा. तोंडानं शिकवा. खुर्ची देतो."

"नाई शेठ. आपलं न आयकनारा हात मशीनजवळ नाई पाह्यजे. दुसऱ्याले मी हेच शिकवलं ना?"

शेठनी समजावलं, मी समजावलं. बाया रडल्या. तुळसाबाईनं तर चक्क शिव्या घातल्या, "असे कसे जाता वो बह्याडासारखे!" ते हसले. निघताना फाटकाशी उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "हात?" सगळ्यांनी पंजे वर केले. त्यांचे मात्र खिशातच होते.

आता ते वलगावला असतात. संध्याकाळी सुट्टीच्या वेळेला माझा फोन वाजतो. हालहवाल विचारत नाहीत. पहिलाच प्रश्न, "सगळ्यायचे हात?" मी म्हणते, "बरे आहेत." मग ते म्हणतात, "मोटरच्या खोलीचं कुलूप ओढून पाहा." पूर्वी फोन ते स्वतः धरायचे. हल्ली त्यांची बायको कानाशी धरते. मधूनच तिचा आवाज येतो, "बोला न ताई, आयकून राह्यले ते." आणि मी फोन ठेवून खरोखर जाऊन कुलूप ओढून बघते.

परवा मिलमध्ये एक नवी बाई आली, मशीन शिकायला. तिला शिकवायचं काम तुळसाबाईकडे. मी काचेमागे बसले होते. तुळसाबाई नव्या बाईसमोर उभी राहिली, पाय जरा फाकवले, दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि डाव्या हातानं उजव्याचं मनगट घट्ट धरलं. अगदी तसंच. बोटं पांढरी पडेपर्यंत.

"मावशी, हात असा कावून धरला वो?" नव्या बाईनं विचारलं.

"शिकवाची पद्धतच आहे थे," तुळसाबाई म्हणाली. "आमच्या मिस्त्रीभाऊची. हां, हात मांगं, डोये समोर."

मी काम बाजूला ठेवलं आणि सवयीनं त्या उजव्या हाताकडे बघत बसले, आता हलेल, मग हलेल. तो हलला नाही.